दारवाले आणि मावशीचा बंपर

माझ्या मावशीचं आणि काकांचं पहिलं भांडण लग्नाच्या बरंच आधी झालं. एका शेडच्या आवारात, भर दुपारी, चारचौघांदेखत, आणि तेही रंगावरून. ते मी आईकडून, मावशीकडून आणि काकांकडून इतक्या वेळा ऐकलंय की मीही तिथे भिंतीला टेकून उभी होते असं आता मला वाटायला लागलंय. तिघांच्या सांगण्यात थोडाथोडा फरक असायचा. मी मावशीचं खरं धरते, कारण ती जास्त रंगवून सांगायची.

मावशी त्या वेळी शहराच्या कडेला एका शेडमध्ये कामाला होती. मोटारींचे प्लास्टिकचे बंपर तिथे रंगायचे. मोटारी बनायच्या मोठ्या कारखान्यात, बसने तासाभराच्या अंतरावर. पत्र्याची बॉडी कारखान्यातच रंगायची आणि बंपर मावशीच्या शेडमधून रंगून जायचे. दोन्ही तिकडे एकत्र जोडले जायचे. मावशी लागली ती पुसायच्या कामावर. रंगाआधी प्रत्येक बंपर औषधाच्या फडक्याने असा पुसायचा की त्यावर बोटाचा ठसासुद्धा राहता कामा नये. पुढे तिच्या हातात स्प्रेची गन आली आणि त्यानंतर रंग तपासायचं काम.

तपासणीवर ती गेली ते तिच्या तोंडामुळे. वाळायला टांगलेल्या बंपरांच्या रांगेखालून जाता जाता ती एकदा सहज म्हणाली, "हे दोघे सख्खे नाहीत हं, चुलत आहेत." मॅनेजरांनी ऐकलं. त्यांनी दोन्ही बंपर बाहेर उजेडात नेऊन पाहिले, तर खरंच एकात किंचित तांबूस झाक होती. तेव्हापासून शेडमध्ये तीच भाषा रूढ झाली. हुबेहूब जुळला तर सख्खा, थोडा इकडेतिकडे असला तर चुलत, आणि अगदीच बिघडला तर लांबचा. लांबचा पुन्हा घासायला जायचा. मॅनेजर फोनवरसुद्धा बोलून जायचे, "नाही साहेब, आज सगळे सख्खेच पाठवलेत," आणि पलीकडचा माणूस गोंधळात पडायचा.

पांढरा, लाल, काळा हे रंग शहाण्या मुलांसारखे होते, कधी त्रास द्यायचे नाहीत. मग कारखान्याने एक नवा रंग काढला. फिकट सोनेरी, चमचमता. शेडमधल्या बायका त्याला 'वाळू' म्हणायच्या. वाळू आली आणि सगळ्यांची झोप उडाली. गाडी तयार होऊन बाहेर आली की बंपर दुसऱ्याच गाडीचा काढून लावलाय असं वाटायचं. कारखान्यातून फोन आले, मॅनेजरांनी कपाळाला हात लावला, आणि एका दुपारी मालाच्या ट्रकमधून एक माणूस उतरला. काखेत घोंगडीत गुंडाळलेलं मोटारीचं दार.

पहारेकऱ्याने विचारलं, "काय हो, दार लावायला आलात की काढायला?"

माणूस हसला नाही. गळ्यापर्यंत बटणं लावलेला, किडकिडीत, गंभीर. कारखान्यात बॉडीचा रंग तपासायचं काम त्याच्याकडे होतं. नाव त्याने सांगितलं, पण कोणाच्या लक्षात राहिलं नाही. त्या दिवसापासून शेडमध्ये तो 'दारवाले' झाला.

दारवाल्यांनी आवारात भिंतीला दार टेकवलं, शेजारी स्टुलावर मावशीचा बंपर ठेवला, आणि बाजूला भिंतीलगत जाऊन उभे राहिले. मावशी समोर उभी होती.

"बघा बाई," ते म्हणाले, "तुमचा बंपर दारापेक्षा फिकट आहे."

"फिकट?" मावशी म्हणाली. "गडद आहे. आणि तो थोडा गडद आहे हे मी मान्य करते. पण फिकट कुठून आला?"

"मला स्वच्छ दिसतोय, फिकट आहे."

"मग तुमच्या चष्म्याचा नंबर बदलून घ्या."

"मी चष्मा लावत नाही."

"तेच म्हणतेय मी. लावा."

बायका फिदीफिदी हसल्या. दारवाल्यांचे कान लाल झाले. मावशी सांगते, त्या कानांचा रंग तिला अजून आठवतो. दोघंही हटेनात. एक फिकट म्हणतोय, दुसरी गडद, आणि मधे दार आणि बंपर मुकाट उभे. शेवटी मॅनेजर वैतागून म्हणाले, "अहो, जरा जागा तरी बदलून बघा!"

दोघांनी जागा बदलल्या. दारवाले समोर आले, मावशी भिंतीलगत गेली. आणि दोघांनी पुन्हा निरखून बघितलं. समोरून बघावं तर बंपर गडद आणि दार उजळ. बाजूने बघावं तर दार गडद आणि बंपर उजळ. दोघांचंही बरोबर होतं.

मॅनेजरांनी चहा मागवला. दारवाल्यांना भांडता येत नव्हतं, पण समजावून सांगताना ते खुलायचे. त्यांनी सांगितलं की या रंगात धातूचे बारीक कण असतात, माशाच्या खवल्यांसारखे चपटे. ते सगळे आडवे, एकसारखे निजले तर समोरून लख्ख चमकतात आणि बाजूने काळसर दिसतात. वेडेवाकडे, कसेही पडले तर समोरची चमक जाते आणि बाजूने मात्र उजळ दिसतात. "म्हणजे डब्यातला रंग तोच. खवले कसे निजलेत त्यावर सगळं," ते म्हणाले.

"मग आमच्याकडे ते नीट का निजत नाहीत?"

"तुम्ही सांगा. रंग कसा मारता?"

मावशीने सांगितलं. पत्र्याची बॉडी जळत्या भट्टीत घालता येते, तिथे रंग कडक भाजून निघतो. प्लास्टिक तिथे घातलं तर मेणासारखं वाकेल. म्हणून बंपरची भट्टी कोमट, रंगाची जात वेगळी. बंपर कुठे टेकला तर थोडा दबतो, म्हणून त्या रंगात तो तडकू नये असं औषध मिसळलेलं. हा रंग वाळायला वेळ घेतो, आणि शेडमधल्या बायका वर एकदम ओला, जाड हात मारायच्या, कारण लाल आणि पांढरा तसाच छान बसायचा.

"म्हणजे ओल्या रंगात खवले पोहत राहतात," दारवाले म्हणाले.

"आणि पोहता पोहता लोळतात," मावशी म्हणाली.

दोघांनी एकाच वेळी चहाचा कप खाली ठेवला. आई म्हणते, जे काय व्हायचं ते तेव्हाच झालं. मावशी म्हणते, तसं काही नाही, तेव्हा फक्त चहा संपला होता.

पुढचे काही महिने दारवाले येत राहिले, दर वेळी काखेत दार घेऊन. मावशी गन लांब धरून, हात हलका ठेवून, दोन थरांच्या मधे थांबून बंपर रंगवायची. रंग थोडा कोरडा मारायची. कधी फार कोरडा झाला की वर दाणे यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. बंपर हळूहळू लांबच्याचा चुलत होत गेला. एकदा मावशीने हट्ट धरला की वेगवेगळ्या आठवड्यांतली दोन दारं घेऊन या. त्यांनी आणली. मावशीने ती शेजारी शेजारी ठेवली, इकडून तिकडून बघितली आणि शांतपणे म्हणाली, "हीसुद्धा सख्खी नाहीत."

दारवाले बराच वेळ बघत राहिले. वाकून बघितलं, पाठीमागे जाऊन बघितलं. मग म्हणाले, "नाहीत खरी."

दुसरा कोणी असता तर त्याने उजेडाला नाहीतर ढगांना दोष दिला असता. त्यांनी आपल्या कारखान्यात जाऊन सांगितलं की आपलाही रंग हलतो, बंपरवाल्यांनी एकट्यांनीच किती धावायचं. मग मधला एक नमुना ठरला, छोटी रंगवलेली पट्टी. दाराने आणि बंपरने दोघांनीही तिच्या जवळ यायचं असं ठरलं. मावशीला या माणसाचं हे आवडलं. रंगाचं नव्हे, 'नाहीत खरी' म्हणण्याचं.

एके दिवशी दारवाले रिकाम्या हातांनी आले.

पहारेकरी म्हणाला, "आज दार कुठंय?"

"आज दाराचं काम नाही," ते म्हणाले, आणि सरळ मावशीसमोर जाऊन उभे राहिले. तिच्या हातात गन होती. "मी आईला तुमच्याबद्दल सांगितलंय."

"काय सांगितलंत?"

"की मुलगी भांडते."

"मग? काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाली, बरं होईल. घरात कोणीतरी बोलणारं हवंच."

मावशीने घरी आजोबांना सांगितलं. आजोबा पेपर वाचत होते. त्यांनी विचारलं, "मुलगा करतो काय?"

"रंग बघतो."

"आणि तू?"

"मीही रंगच बघते."

"मग घर कोण बघणार?" आजोबा म्हणाले आणि पान उलटलं. तोच त्यांचा होकार होता. रडली ती माझी आई. ती धाकटी, तोवर दोघी एकाच खोलीत झोपायच्या.

लग्नानंतर मावशी-काकांचं बिऱ्हाड सायकल-दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होतं. सकाळी दोघं एकदम जिना उतरायचे, एक बस इकडे जाणारी, एक तिकडे. त्या घराला थिनरचा मंद वास असायचा. उशांना, टॉवेलना, मावशीच्या केसांनासुद्धा. अजून कुठे नव्या रंगाचा वास आला की मला आधी भूक लागते, कारण त्या वासाबरोबर मावशीच्या हातचं गरम जेवण आठवतं. त्यांना मूल झालं नाही. त्यावर घरात कोणी कधी बोललं नाही. पण सुट्टी लागली की मला न्यायला काका स्वतः यायचे, आणि परत सोडताना तेच जास्त हिरमुसलेले असायचे.

रविवारी सकाळी आम्ही तिघं मोठ्या रस्त्यावर फिरायला जायचो. इतर लोक दुकानं बघायचे, आम्ही उभ्या मोटारी बघायचो. बंपर आणि शेजारचा पत्रा. मावशी एका बाजूला, काका दुसऱ्या, मी मधे.

"हा?"

"चुलत."

"काहीतरीच. सख्खा आहे."

"इकडे येऊन बघा की!"

मग जागांची अदलाबदल. एकदा आम्ही तिघं एका निळ्या गाडीच्या पुढच्या चाकाशी वाकून बघत होतो, तेवढ्यात मालक न्हाव्याच्या दुकानातून अर्धी दाढी झालेला, गळ्यात टॉवेल तसाच, धावत आला. त्याला आम्ही चोर वाटलो. काकांनी त्याला दहा मिनिटं खवल्यांचं शास्त्र समजावलं. शेवटी तो बिचारा स्वतःच आपल्या बंपरकडे संशयाने बघायला लागला. "पण शोरूममध्ये तर सारखा दिसत होता हो," तो म्हणाला. "शोरूममध्ये ट्यूबलाइट असते," मावशी म्हणाली, "तिच्या उजेडात सगळे सख्खे वाटतात." परत येताना काका इतके हसले की त्यांना रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. त्या रविवारांना आता बरीच वर्षं झाली. रस्ता तोच आहे, पण तिथे आता गाड्या उभ्या करू देत नाहीत.

मी कॉलेजात गेले तेव्हापासून काकांचं काहीतरी बिनसायला लागलं. पडदा पिवळट का धुतलास, म्हणून मावशीवर चिडायचे. पडदा पांढराशुभ्र असायचा. चहात दूध कमी आहे म्हणायचे. मावशी आईला सांगायची, "वय झालं की माणूस किरकिरा होतो गं." तोवर काका कारखान्यात तपासणीचे प्रमुख झाले होते आणि मावशी शेडमध्ये. नव्या रंगाचा पहिला माल निघायच्या आधी ते अजूनही दार घेऊन यायचे, आता कारखान्याच्या गाडीतून.

तेव्हा फिकट आकाशी रंग नवीन आला होता. पहिल्या हप्त्यातल्या बंपरात हिरवट झाक उतरली होती. मावशीला ते सकाळीच दिसलं होतं. लांबचा होता, शंकाच नव्हती. काका आले की त्यांना दाखवायचं आणि दोघांनी मिळून कारण शोधायचं, म्हणून तिने तो मुद्दाम बाजूला ठेवला होता. काकांनी दार भिंतीला टेकवलं. समोरून बघितलं, बाजूने बघितलं, एक डोळा मिटून बघितलं. मग म्हणाले, "सख्खा आहे. पाठवून द्या."

मॅनेजर खूश झाले. माणसं माल उचलायला पुढे सरसावली. मावशी काकांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. थट्टा करतायत का, म्हणून. काका थट्टा करत नव्हते. ते तिच्याकडे बघतच नव्हते, ते शेजारच्या पोरांच्या चेहऱ्यांकडे बघत होते, कोणी नाक मुरडतंय का म्हणून. तेव्हा तिला कळलं.

"थांबा," ती म्हणाली. "हा माल जाणार नाही. सकाळी गन नीट धुतली नव्हती, आधीचा रंग त्यात राहिला. माझ्याकडून झालंय. मी परत घेते."

मॅनेजर बघतच राहिले. इतक्या वर्षांत मावशीने न धुतलेली गन हातात धरली नव्हती. पण ती बोलली म्हणून कोणी पुढे काही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी काकांनी कारखान्याची गाडी परत पाठवली आणि दोघं बसने घरी निघाले. पुढच्या सीटवरच्या बाईच्या मांडीवर मिटलेली छत्री होती. मावशीने हळूच विचारलं, "ती छत्री कोणत्या रंगाची आहे हो?"

काकांनी मान पुढे काढून बघितलं. मग म्हणाले, "हिरवी."

"निळी आहे."

बस दोन थांबे पुढे गेली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"बरेच दिवस. पांढऱ्याचं, लाल-काळ्याचं चालून जातं. निळ्याचं कळत नाही. पोरांच्या तोंडाकडे बघतो आणि सांगतो." जरा वेळाने म्हणाले, "तुला आज कळलं?"

"आज."

"मग गन नाही धुतली असं का म्हणालीस?"

"मग काय म्हणायचं होतं?" मावशी म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली. तिला बसमध्ये रडायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काका स्वतः साहेबांकडे गेले. माझ्या डोळ्यांनी पास झालेलं सगळं पुन्हा तपासून घ्या, म्हणाले. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सोडली तेव्हा मावशी आणि मी तिथेच होतो. काकांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं. एक डोळा झाकला, मग दुसरा, पुन्हा पहिला.

"अगं, ही भिंत कोणत्या रंगाची आहे?"

"पांढरी."

"कोणत्या डोळ्याने?"

जुन्या डोळ्याला ती चहासारखी दिसत होती आणि नव्याला दुधासारखी, वर किंचित निळसर. मावशी इतकी हसली की नर्सबाईंनी येऊन दटावलं. काकांचं मात्र डोळे झाकणं-उघडणं थांबेना. खिडकीबाहेर आकाशाचा एक चौकोन दिसत होता, तिकडे बघून ते हळू आवाजात म्हणाले, "निळा असा असतो, हे विसरूनच गेलो होतो मी." मग त्यांनी मान वळवून मावशीकडे बघितलं. नीट, जवळून.

"तुझे केस एवढे पिकलेत?"

"नर्सबाई," मावशी म्हणाली, "यांचा जुना डोळा परत बसवून द्या हो."

दुसऱ्या डोळ्याचंही झालं. सुट्टी संपली आणि पहिल्याच दिवशी काका दार घेऊन शेडवर हजर. आवारात सगळे उगीचच कामं काढून घुटमळत होते. मावशीने आकाशी बंपर आणून ठेवला, नव्याने रंगवलेला. काकांनी समोरून बघितलं, बाजूने बघितलं.

"चुलत आहे," ते म्हणाले.

"सख्खा आहे," मावशी म्हणाली.

"खालच्या कडेला बघ. निळा कमी पडतोय."

"तिथे तुमची सावली पडलीय!"

"मी सरकतो, मग बघ."

ते सरकले. मावशी वाकली. खालच्या कडेला निळा खरोखरच कमी पडत होता, अगदी जराशी सुई टोचावी एवढा. ती नुसती हसत सुटली. काकांना वाटलं आपली चेष्टा करतेय, म्हणून ते आणखी जोरात भांडायला लागले. नंतर मावशी आईला म्हणाली, "तिथल्या तिथे मिठी मारावीशी वाटली गं. पण मॅनेजर उभे होते."

पुढे रंग मोजायची यंत्रं आली. ती बंपरवर टेकवली की वेगवेगळ्या कोनांतून आकडे सांगायची. काका निवृत्त झाले. मग बंपर रंगवायचं काम मोठ्या कारखान्याच्या आवारातच गेलं आणि शेड बंद झाली. निरोपाच्या दिवशी मॅनेजरांनी बायकांना सांगितलं, मागे पडलेल्या मालातलं हवं ते घेऊन जा. बहुतेकींनी बादल्या नेल्या, टेबलं नेली, एकीने पंखा नेला. मावशीने रिक्षाच्या टपावर बांधून एक बंपर आणला. काका दारात उभे राहून बघतच राहिले.

"आपल्याकडे गाडी नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

तो तिने गॅलरीच्या कठड्याला उलटा बांधला, त्यात माती भरली आणि सदाफुली लावली. काका गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. ताप आला काय आणि आठवड्याभरात संपलं काय. मावशी त्या दोन खोल्यांतच राहते. आई म्हणते माझ्याकडे चल, तर म्हणते, बघू.

मागच्या महिन्यात गेले होते तेव्हा खालून हाका चालल्या होत्या. सायकलवाल्याच्या जागी आता मोबाइल दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. बंपरमध्ये दिव्यासाठी भोक असतं, त्यातून पाणी झिरपून त्यांच्या काउंटरवर पडतं. "आजी, बंद करा ते!" ते ओरडत होते. मावशी कठड्यावरून वाकून म्हणाली, "तुमचा काउंटर दोन हात आत घ्या, मी कशाला बंद करू?" आणि आत येऊन मला म्हणाली, "ऊन उतरलं की भोक बुजवायचंय. जुनं फडकं बघ कुठे मिळतं का. पण त्याला सांगू नकोस आत्ताच, रोज चांगला भांडतो."